लाजेची वाट

केतकी पाटणकरच्या कानावर घातलेली गोष्ट तिच्याबरोबरच सरणावर जाणार, असं तिच्या ओळखीतले लोक म्हणत. साताऱ्यातल्या एका मुलींच्या कनिष्ठ महाविद्यालयात ती समुपदेशक होती. तिच्या खोलीत येऊन मुली जे काही रडत, बोलत, ते तिनं कधी नवऱ्यापुढंसुद्धा काढलं नाही. म्हणून तर धाकट्या बहिणीनं, ऋजुतानं, आपल्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट सांगण्यासाठी साऱ्या गोतावळ्यातून तिची एकटीची निवड केली होती.

ती गोष्ट केतकीनं ऋजुताच्या लेकीच्या, रेवाच्या, सोळाव्या वाढदिवसाला, भरल्या पंगतीत, बासुंदीची वाटी हातात धरून सांगून टाकली.

कऱ्हाडला ऋजुताच्या घरी जेवणं चालली होती. ऋजुताच्या सासूबाई नातीकडं कौतुकानं बघत म्हणाल्या, "नाक बघा कसं चाफेकळी! आमच्याकडं तर सगळ्यांची भज्यासारखी. कुणावर गेलीय कोण जाणे."

"कुणावर जाणार?" केतकी म्हणाली. "ती आपल्यातली थोडीच आहे! संस्थेतून आणली तेव्हा दीड महिन्याची होती. ऋजू, गरम पुरी आण ना."

रेवा आधी हसली. मावशीची काहीतरी गंमत असणार असं तिला वाटलं. हसत हसतच तिनं आईकडं बघितलं. ऋजुता स्वयंपाकघराच्या दारात झारा घेऊन उभी होती, झाऱ्यातून तेल फरशीवर ठिबकत होतं आणि तिच्या तोंडावर जे होतं ते वाचायला सोळा वर्षांच्या मुलीला कुणाची मदत लागली नाही. सासूबाईंनाही ही गोष्ट ठाऊक नव्हती. मूल झाल्याचं कळवलं तेव्हा ऋजुता आणि तिचा नवरा भोपाळला होते. रेवाला घेऊन ते परत आले तेव्हा सगळ्यांनी तिला त्यांचीच मानलं होतं.

रेवा पानावरून उठली. केतकीनं शेजारच्या पानातली पुरी उचलली आणि बासुंदीत बुडवली.

परतीच्या वाटेवर गाडीत अमोघनं, तिच्या नवऱ्यानं, विचारलं, "केतकी, काय केलंस तू हे?"

"वेलदोडा फार झाला होता बासुंदीत," ती म्हणाली. "नाही का?"

रेवाला लवकर सांगा, असा धोशा केतकीनंच अकरा वर्षं लावला होता. ऋजुता चालढकल करत आली होती. अखेर दहावीचा निकाल लागल्यावर सांगायचं ठरलं होतं, आणि तेव्हा केतकीनं शेजारी बसायचं होतं. कुठले शब्द वापरायचे, कुठले टाळायचे, तेही तिनंच बहिणीला शिकवलं होतं.

त्या वाढदिवसाआधीचं वर्षभर केतकी बदलत चालली होती, पण बदल अशा बेतानं येत गेला की ज्याला त्याला त्याचं कारण सापडत गेलं. एका सहकारी बाईंचा नवरा गेला, तेव्हा मयतीला गेलेली केतकी मोठ्यानं हसली. गेलेल्या माणसाच्या मिशीचा एक कोपरा वर राहिला होता म्हणे. एका मुलीनं रडून सांगितलेली हकिगत तिनं शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता सांगितली आणि त्यावरून तिची नोकरी गेली. ती आंघोळ टाळू लागली. बायका म्हणाल्या, पाळी जायचं वय आहे. नातेवाईक म्हणाले, मूल नाही, ते आता मनावर आलंय. एका डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्या. अमोघला वाटत होतं, आपली बायको मुळातच अशी होती आणि इतकी वर्षं तिनं चांगुलपणाचं सोंग घेतलं होतं. तो शेजारच्या खोलीत झोपू लागला.

मग तिचा उजवा पाय ओढला जाऊ लागला, आणि पाय ओढला जाणं हा काही स्वभावाचा दोष नसल्यामुळे त्यांना पुण्याच्या मेंदू संशोधन केंद्रात पाठवण्यात आलं.

डॉ. फरीदा तांबोळींनी पडद्यावर मेंदूचं चित्र लावलं. मधला भाग ढगाळ दिसत होता.

"मेंदूतल्या करड्या भागाला वस्त्या समजा," त्या अमोघला म्हणाल्या, "आणि हा पांढरा भाग म्हणजे वस्त्यांना जोडणाऱ्या तारा. विजेच्या वायरीवर रबर असतं ना, तसं या तारांवर मायलिनचं आवरण असतं. त्याची निगा राखायला बारीक पेशी असतात, मायक्रोग्लिया. पडझड साफ करायची, आवरण जपायचं, हे त्यांचं काम. केतकीताईंच्या एका जनुकात चूक आहे, जन्मापासून. त्या पेशींनी चाळीस वर्षं कसंबसं रेटलं. आता त्या थकल्या, आणि तारा उघड्या पडायला लागल्या."

"पायाच्या?"

"पायाच्या आत्ता. आधी कपाळामागच्या." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "माणसाला आवरून धरणाऱ्या. तोंडाशी आलेलं गिळायचं, समोरच्याचा चेहरा बघून थांबायचं, ते तिथून चालतं. पायाच्या आधी दीड-दोन वर्षं तरी हे सुरू झालं असणार. हा आजार फार विरळा आहे, आणि बहुतेक लोक आमच्यापर्यंत येईतो घरातून, नोकरीतून बाहेर काढले गेलेले असतात."

अमोघ खाली बघत राहिला. झोपायची खोली बदलल्याचं त्यानं डॉक्टरांना सांगितलं नव्हतं.

"घरात आणखी कुणाला असं झालं होतं?"

"माझ्या बाबांना," केतकी मजेत म्हणाली. "ते लेंगा न घालता अंगणात यायचे."

दोघी बहिणींचे वडील सेहेचाळिसाव्या वर्षी कामावरून निघाले आणि पन्नाशी गाठायच्या आत गेले. गाव त्यांना चक्रम म्हणायचं. दोघी मैत्रिणींना घरी आणत नसत. वडील समोरून आले तर रस्ता ओलांडून पलीकडं जात. त्यांच्या आजाराला नाव असेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

चूक वडिलांकडून आली असेल, तर ती ऋजुताकडंही असण्याची निम्मी शक्यता होती. तिची तपासणी झाली. तिच्या जनुकात चूक नव्हती, आणि तिच्या पेशी केतकीला जुळत होत्या.

उपचार असा होता: केतकीच्या हाडांतली जुनी मज्जा औषधांनी रिकामी करायची आणि तिथं बहिणीच्या निरोगी स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी घडवणाऱ्या मूळपेशी, सोडायच्या. रक्तातून त्या हळूहळू मेंदूत शिरतात आणि थकलेल्या पेशींच्या जागी कामाला लागतात. पूर्वी याला इतका वेळ लागे की तोवर रोग पुढं निघून जाई. पुण्याच्या केंद्राची करामत पुढची होती. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये निसर्गानं एक बंद दार ठेवलेलं आहे. ते दार आवाजाच्या सूक्ष्म लहरींनी, हव्या त्याच ठिकाणी, थोडा वेळ किलकिलं करता येतं. त्या फटीतून नव्या पेशी नेमक्या तिथं जातात, आणि मग औषधांनी नवं आवरण चढवता येतं. तारांची एक वाट दुरुस्त झाली की दुसरी घ्यायची. कुठली आधी, कुठली नंतर, हे डॉक्टर ठरवत.

ऋजुता पुण्याला आली. नळ्या लावून घेतल्या, पेशी दिल्या, दुसऱ्या दिवशी गेली. बहिणीच्या खोलीत ती आली नाही. अमोघ बाहेर तिच्याजवळ जाऊन काही बोलायला लागला, तर ती म्हणाली, "भाऊजी, आजारी माणसाबद्दल काय बोलायचं? काही बोलायचं नाही. मी कुणालाच काही बोलत नाही."

केतकी सुधारत गेली. पाय उचलला जाऊ लागला. शब्द जागेवर आले. वर्तमानपत्र शेवटपर्यंत वाचता येऊ लागलं, हिशोब, स्वयंपाक, वेळेवर आंघोळ, सगळं परत आलं. फक्त एक गोष्ट आली नाही, आणि ती नाही हे तिला स्वतःला कळायचा प्रश्नच नव्हता.

तपासणीहून परतताना खंबाटकी घाटाच्या अलीकडं ते जेवायला थांबले. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब बसलं होतं. केतकीनं हात लांब करून त्यांच्या बशीतलं एक भजं उचललं. लहान मुलगी टकामका बघू लागली. अमोघ उठला, त्या लोकांना हात जोडले, हलक्या आवाजात काही बोलला आणि त्यांच्यासाठी नवी बशी मागवून परत आला. त्याचे कान लाल झाले होते.

"तुला आत्ता काय झालं?" केतकीनं विचारलं.

"काही नाही."

"झालं काहीतरी. कान बघ."

"लाज वाटली," अमोघ म्हणाला. "तुझ्या वाटणीची."

ती त्याच्याकडं निरखून बघत राहिली. बहिऱ्या माणसानं, दुसऱ्या खोलीत काही पडल्यावर सगळ्यांच्या माना वळलेल्या बघाव्यात, तसं तिला वाटलं. आवाज झालाय एवढं कळत होतं. तिच्यापर्यंत तो आला नव्हता.

"मला आधी वाटायची?"

"तुला? तुला कुणाच्या घरी दुसरा चहा घ्यायचीसुद्धा लाज वाटायची."

त्याच आठवड्यात, एका दुपारी, रेवा एकटी कऱ्हाडहून बसनं आली. ती उंच झाली होती. केतकीनं तिला लाडू दिला. तिनं तो हातातच धरला.

"मावशी, एक विचारू? तू तेव्हा मुद्दाम बोललीस?"

"नाही गं. आजींनी नाकाचं काढलं, आणि मला माहीत होतं, म्हणून बोलले."

"आणि आता? आता तुला काय वाटतं?"

केतकीनं मनात शोधलं. पंगत तिला लख्ख आठवत होती. रेवाचं हसणं आठवत होतं, ते कसं विझलं तेही. "खरं सांगू? काही वाटत नाही," ती म्हणाली. "तो लाडू खा ना."

रेवानं लाडू टेबलावर ठेवला. "घरात सगळे म्हणतात, मावशीचा आजार बोलला, मावशी नाही. आई तर तुझं नावच काढू देत नाही. माझ्यावर चिडत नाही, आजीवर नाही, कुणावरच नाही. नुसती गप्प असते. बाबा म्हणतात, आई आतून सुकत चाललीय." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "तू निदान खोटं तरी म्हणायचंस, वाईट वाटतं म्हणून."

खोटं का म्हणायचं, हे केतकीला समजलं नाही. पण आपल्याला समजलं नाही, ही गोष्ट मात्र तिच्या मनात अडकून बसली.

पुढच्या खेपेला डॉ. तांबोळींनी दोघांना समोर बसवलं. "एकच वाट राहिलीय," त्या म्हणाल्या. "कानशिलाच्या आतून निघून कपाळाकडं वळणारी, आकड्यासारखी. काय घडलं याची आठवण एका टोकाला असते. ते घडल्याचं आपल्याला काय वाटतं, ते दुसऱ्या टोकाला. केतकीताईंना सगळं आठवतं, पण त्याचा चटका बसत नाही, तो यामुळंच. ही वाट आम्ही आपण होऊन दुरुस्त करत नाही. विचारून करतो."

"का?" अमोघनं विचारलं.

"पहिल्या रुग्णांच्या वेळी आम्हाला कल्पना नव्हती. रोज थोडीथोडी लाज सोसायची माणसाला सवय असते. यांची मधली काही वर्षं साठून राहिलेली असतात, ती एकदम येतात. एका गृहस्थांनी जीव द्यायचा प्रयत्न केला. वाचले, पण तेव्हापासून नियम झाला की रुग्णानं ठरवायचं." त्या कोरडं हसल्या. "ज्याला लाज वाटत नाही, त्यानंच ठरवायचं, ती हवी की नको. यातला विनोद कायद्याला दिसत नाही."

"नको," अमोघ लगेच म्हणाला. "चांगली आहे ती अशी. खाते, हसते, कुणाचं वाईट चिंतत नाही. जे काय असेल ते मी सांभाळून घेतो."

"तुझे कान लाल होतात," केतकी म्हणाली.

"होऊ देत."

"अमोघ, माझं सगळं घर परत आलंय. एका खोलीला कुलूप आहे. आत काय आहे ते मला दिसत नाही, पण येणारा जाणारा त्या दाराकडं बघून तोंड फिरवतो. रेवानं फिरवलं." ती डॉक्टरांकडं वळली. "ऋजुताच्याच पेशी जाणार ना तिथं? जाऊ देत."

यात धीटपणा कसलाच नव्हता, हे पुढं तिचं तिला कळलं. विस्तव म्हणजे काय हे माहीत नसलेल्या मुलानं हात पुढं करावा, तसा तिनं होकार दिला होता.

तिच्या मनगटावर एक पट्टी बांधण्यात आली. नाडी आणि घामावरून मनाचा ताण ओळखून ती थरथरे आणि मदत हवी का विचारे. उत्तर आलं नाही, तर केंद्रातून फोन येई. शिवाय चटका बोथट करणाऱ्या गोळ्या दिल्या होत्या. लागल्या तर घ्यायच्या.

पेशी सोडल्यावर काही आठवडे काहीच झालं नाही. एका सकाळी मंडईत ती गवार निवडत होती. समोरून त्या सहकारी बाई आल्या, ज्यांच्या नवऱ्याच्या मयतीला ती हसली होती. बाईंनी तिला बघितलं आणि सभ्यपणे हसून विचारलं, "बरी आहेस ना आता?"

केतकी 'हो' म्हणणार होती. तेवढ्यात तिच्या मानेमागून काहीतरी गरम वर चढलं, कानांत शिरलं, डोळ्यांपर्यंत आलं. हातातली गवार सुटली. बाईंची पांढरी साडी, कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला त्यांचा मुलगा, आणि त्या शांततेत आपलंच खिदळणं, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढं याआधी शंभरदा येऊन गेलं होतं, पण आज पहिल्यांदा ते तिच्या अंगावर आलं. तिनं पदरानं तोंड झाकलं आणि पिशवी तिथंच टाकून ती चालू लागली. बाई मागून हाका मारत होत्या. घरी येऊन तिनं मोरीचं दार लावून घेतलं.

मग रांग लागली. जिची हकिगत चहाबरोबर वाटली गेली ती मुलगी. बशीतलं भजं गेलं म्हणून बघत राहिलेलं लहान पोर. अमोघचे जोडलेले हात. वडील समोरून येताना रस्ता ओलांडणाऱ्या दोन मुली. हे तर आजाराच्याही कितीतरी आधीचं, पण एकदा दार उघडल्यावर तेही आत आलं. आणि सगळ्यांच्या मागून, सावकाश, झाऱ्यातून ठिबकणारं तेल.

पट्टी थरथरत होती. केंद्रातून फोन आला. डॉ. तांबोळी स्वतः बोलल्या.

"गोळी घ्या, केतकीताई. यात कमीपणा नाही. आणि एक लक्षात ठेवा, ते तुम्ही केलेलं नाही. आजारानं केलेलं आहे."

"डॉक्टर, एक विचारू? मी बोलले ते शब्द आजारानं तयार केले का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "आजार शब्द तयार करत नाही. आवर काढून घेतो. पण प्रत्येकाच्या मनात नाही नाही ते येत असतं. ते गिळणं हाच चांगुलपणा. तुम्ही चाळीस वर्षं गिळलंत."

केतकीला तेवढंच हवं होतं आणि तेच नको होतं. तिचं स्वतःचं मूल दोनदा पोटातच गेलं होतं. दत्तक घ्यायला अमोघ तयार झाला नव्हता. ऋजुतानं दीड महिन्याच्या रेवाला पहिल्यांदा तिच्या मांडीवर ठेवलं, तेव्हा तिनं तोंड भरून आशीर्वाद दिला होता, आणि आत, फार आत, एक वाक्य उमटून गेलं होतं: शेवटी आपल्यातली थोडीच आहे. ते तिनं तिथल्या तिथं गाडलं होतं. पुढं रेवावर तिनं जीव लावला, तो खरा होता. पण वाक्य मेलं नव्हतं. वर झाकण होतं, एवढंच.

तिनं गोळी घेतली नाही. अमोघ घरी आल्यावर ती म्हणाली, "मला कऱ्हाडला ने."

"आत्ता? अगं, तुझे डोळे बघ."

"आत्ताच. उद्या माझ्यानं होणार नाही."

गाडी ऋजुताच्या फाटकाशी थांबली तेव्हा चार वाजून गेले होते. अमोघनं तिचा हात धरला. "जास्त काही बोलू नकोस. आजार होता, एवढंच म्हण. तिलाही ते माहीतच आहे."

केतकीनं हात सोडवून घेतला.

ऋजुतानं दार उघडलं. तिनं बहिणीला आत बसवलं, पाणी दिलं, आणि पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, "चहा घेणार ना? प्रकृती बरी दिसतेय." ती खरंच सुकली होती. गळ्याची हाडं वर आली होती. रेवा आतल्या दारात येऊन उभी राहिली.

"ऋजू," केतकी म्हणाली. मान वर होईना. फरशी सोडून कुठं बघावं तेच कळेना.

ऋजुता तिच्याकडं बघत होती. तिच्या बघण्यात हळूहळू काहीतरी फिरलं. "ताई," ती सावकाश म्हणाली, "तू लाजतेयस?"

केतकीनं मान हलवली.

"म्हणजे... तुला वाटतंय आता? कळतंय?"

"सगळं."

ऋजुता खुर्चीवर बसली. चहाचं ती विसरली. "मग एक सांग. नीट सांग. सगळे म्हणतात, तो आजार बोलला. मी पण हेच म्हणते, रेवालाही हेच सांगते. पण मला एक कळत नाही. मनातच नसेल ते तोंडात कुठून येतं? तुझ्या मनात होतं का ते?"

मनगटावरची पट्टी थरथरू लागली. मदत हवी का? केतकीनं ती सोडून पर्समध्ये टाकली. आजार होता, असं तिनं म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अमोघनं सांगितलं होतं, सगळ्या जगानं ती पळवाट तिच्यासाठी झाडून पुसून ठेवली होती. तिनं रेवाकडं बघितलं. मग बहिणीकडं.

"होतं," ती म्हणाली. "तू हिला माझ्या मांडीवर ठेवलंस त्या दिवशी आलं होतं मनात. एकदाच. मी गाडून टाकलं. पण होतं."

मग ऋजुता उठली.

"एकदाच म्हणे!" ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा चढला की बाहेर गाडीत बसलेल्या अमोघनं दार उघडलं. "अगं, तुला मी आईच्या जागी धरत होते! नवऱ्याला सांगायच्या आधी तुला सांगत होते मी! रोज रात्री मी हिच्या उशाशी बसून ठरवायचे, उद्या सांगू, उद्या सांगू, ताई शेजारी असली की जमेल. आणि तू? पुरी मागितलीस! माझ्या पोरीचं सगळं जग मोडलंस आणि वर पुरी मागितलीस!"

"हो."

"हो काय म्हणतेस? माझ्या पेशी आहेत तुझ्या डोक्यात! मी दिल्या! तिथं पडून सुया टोचून घेत होते आणि मनात म्हणत होते, हिला बरं वाटू दे, म्हणजे हिच्याशी भांडता येईल. दोन वर्षं झाली मला कुणाशी भांडता आलेलं नाही. आजारी माणसावर काय चिडायचं? भिंतीवर चिडल्यासारखं! सासूबाई मला म्हणाल्या, फसवलंस. मी गप्प. रेवा महिनाभर मला आई म्हणाली नाही. मी गप्प!"

ती रडत होती, ओरडत होती, मध्येच बहिणीचा खांदा धरून हलवत होती. लहानपणचं काढत होती. बाबांना एकटं टाकून तू हॉस्टेलला गेलीस, ते काढत होती. केतकीही उठून मान खाली घालून उभी राहिली होती. कान भाजत होते. प्रत्येक शब्द तिला लागत होता, जिथं लागायला हवा तिथंच. एकदा तिला वाटलं, आता उभं राहवणार नाही. तेव्हा तिनं टेबलाची कड धरली, पण बसली नाही. अमोघ दारात आला होता. त्याला तिनं हातानंच थांबवलं.

रेवा आईकडं बघत होती. इतकी मोठ्यानं ओरडणारी आई ती फार दिवसांनी बघत होती. ती पुढं आली, दोघींच्या मध्ये न येता आईच्या बाजूला उभी राहिली, आणि तिनं आईच्या पाठीवर हात ठेवला. मावशीकडं तिनं बघितलं नाही.

अखेर ऋजुताचा आवाज बसला. तिनं पदरानं तोंड पुसलं. चेहरा लाल झाला होता, श्वास चढला होता, पण गळ्याशी तुंबलेलं काहीतरी मोकळं झाल्यासारखी ती दिसत होती.

"जा आता," ती म्हणाली.

केतकी वळली. चपला पायात घालताना तिला तीनदा अंगठा सापडला नाही. ती फाटकापर्यंत पोचली, तेवढ्यात मागून ऋजुताचा घोगरा आवाज आला.

"ताई! उद्या ये. माझं अजून संपलेलं नाही."

केतकीला मागं वळून बघायची हिंमत झाली नाही. फाटकाच्या कडीवर हात ठेवून, तिच्याकडं पाठ असतानाच, ती म्हणाली, "येते."